राउटर बदलल्यावर स्मार्ट बल्ब पुन्हा वायफायला कसा जोडावा

नाशिकला पंचवटीत काळाराम मंदिराजवळ माझ्या आत्याचा जुना वाडा आहे. माडीवर जाणारा लाकडी जिना इतका उभा आहे, की दिवसासुद्धा कठडा धरूनच चढावं लागतं. त्या जिन्यात आम्ही दोन वर्षांपूर्वी स्मार्ट बल्ब लावला. संध्याकाळी सहाला आपोआप लागायचा, सकाळी सहाला बंद व्हायचा, आत्याला काही बघावं लागायचं नाही. गेल्या महिन्यात इंटरनेटवाल्यांनी तिचा राउटर बदलून दिला आणि त्याच संध्याकाळी तिचा फोन आला, "अगं, जिन्यात काळोख आहे. बल्ब गेला बघ. खालच्या दुकानातून दुसरा आणू का?"

बल्ब गेलेला नव्हता. वायफायचं नाव बदललं होतं, एवढंच. पण सत्तरी ओलांडलेलं माणूस एकटं राहतं त्या घरात "एवढंच" म्हणून दोन दिवस सोडून देता येत नाही. त्या दिवशी मी जे केलं आणि त्याआधी इंदिरानगरला आमच्या घरी जे शिकले, ते क्रमाने सांगते.

आधी बल्ब चालू आहे का ते बघा

भिंतीवरचं बटण बंद करा, दहा सेकंद थांबा, पुन्हा चालू करा. वायफाय नसलं तरी बहुतेक स्मार्ट बल्ब वीज मिळाली की साध्या बल्बसारखे लागतात. आत्याला मी हे फोनवरच करायला सांगितलं. दिवा लागला आणि त्या रात्रीची काळजी मिटली.

बटण मात्र एकदाच बंद-चालू करायचं. लागोपाठ तीन किंवा पाच वेळा केलं, तर मालकाला आपल्याला नव्याने जोडायचं आहे असं बल्ब धरून चालतो. पावसाळ्यातलं एक कोडंही यातूनच सुटतं. जूनमध्ये वारा-पाऊस सुरू झाला की वीज जाते-येते, जाते-येते, असं चार-पाचदा होतं. बल्बच्या दृष्टीने ते कुणीतरी बटण दाबल्यासारखंच. मग कुणी हात न लावताच तो लुकलुकायला लागतो आणि घरातले म्हणतात, बिघडला. तसं काही नसतं, तो फक्त पुन्हा जोडून घ्यायची वाट बघत असतो.

वीज नुकतीच आली असेल तर तीन-चार मिनिटं थांबा. बल्ब काही सेकंदांत जागा होतो, पण राउटरला एक-दोन मिनिटं लागतात, फायबरचं यंत्र वेगळं असेल तर त्याहून थोडी जास्त. बल्ब मध्येमध्ये प्रयत्न करत राहतो. एवढं थांबूनही तो ॲपमध्ये "ऑफलाइन" दिसत असेल, तर राउटर नीट सुरू झाल्याची खात्री करून बल्बचं बटण पुन्हा एकदा बंद-चालू करा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

राउटर बदलला असेल तर जुनंच नाव, जुनाच पासवर्ड द्या

या लेखातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बल्बला तुमचा राउटर ओळखू येत नाही. त्याच्याकडे दोनच गोष्टी साठवलेल्या असतात, वायफायचं नाव आणि पासवर्ड. ते नाव हवेत दिसलं आणि पासवर्ड चालला की तो जोडला जातो. पलीकडे कुठल्या कंपनीचं यंत्र आहे, जुनं आहे की नवं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्यामुळे नव्या राउटरला जुनं नाव आणि जुना पासवर्ड दिलात, तर बल्बला हात लावायची वेळच येत नाही. तो जोडला जातो, टीव्ही जोडला जातो, दारावरचा कॅमेरा जोडला जातो, घरातले सगळे फोनसुद्धा. सहा-सात बल्ब असलेल्या घरात यात अख्खी दुपार वाचते.

नाव-पासवर्ड बदलायला राउटरच्या खालचं किंवा मागचं स्टिकर वाचा. त्यावर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता असतो, शिवाय आत शिरायचं नाव आणि पासवर्ड. फोन नव्या वायफायला जोडा आणि हा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. पत्ता इंग्रजी आकड्यांतच टाकायचा. काही कंपन्यांचं स्वतःचं ॲप असतं, तिथूनही हेच करता येतं. आत "वायरलेस" नावाचं पान शोधा.

जुनं नाव अक्षरशः जसंच्या तसं लिहा. इंग्रजी अक्षर मोठं की लहान, मध्ये जागा आहे की नाही, शेवटी एखादी रेघ होती का, यातलं काहीही चुकलं तर बल्बसाठी ते वेगळंच वायफाय. जुना पासवर्ड आठवत नसेल तर घरातल्या ज्या फोनवर जुनं वायफाय होतं, तो घ्या. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचा फोन असेल तर जतन केलेल्या नेटवर्कच्या यादीत "शेअर" दाबल्यावर क्यूआर कोड येतो आणि बऱ्याच फोनवर त्याखाली पासवर्डही लिहिलेला असतो. आयफोनवर आयओएस १६ पासून वायफायच्या सेटिंगमध्ये जतन केलेला पासवर्ड बघता येतो.

एकाच बाबतीत मी हा मार्ग घेऊ नका म्हणेन. जुना पासवर्ड अख्ख्या गल्लीला ठाऊक झाला असेल, तर राउटर बदलला ही चांगली संधी समजा, नवा पासवर्ड ठेवा आणि एकेक उपकरण नव्याने जोडायची तयारी ठेवा.

नाव-पासवर्ड तेच, तरी बल्ब येत नाही

मग राउटरच्या त्याच पानावर दोन गोष्टी बघा.

पहिली, २.४ गिगाहर्ट्झ. आजकालचे राउटर २.४ आणि ५ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. स्मार्ट बल्ब जवळजवळ सगळे २.४ वरच बोलतात, ५ त्यांना दिसतही नाही. यात त्यांचं नुकसान नाही. बल्बला चित्रपट दाखवायचा नसतो, चार अक्षरांचा निरोप पोचला की झालं, आणि २.४ ची लाट भिंतीतून जास्त चांगली आरपार जाते. आत्याच्या वाड्याच्या दीड-दोन फुटी भिंती असताना हेच कामाला येतं. राउटरमध्ये २.४ बंद असेल तर चालू करा.

दुसरी, सुरक्षेचा प्रकार. डब्ल्यूपीए-३ ही पद्धत २०१८ मध्ये आली आणि त्याआधीच्या, तसंच नंतरच्याही कितीतरी बल्बना ती येत नाही. नवा राउटर फक्त डब्ल्यूपीए-३ वर ठेवलेला असेल तर नाव आणि पासवर्ड बरोबर असूनही बल्ब बाहेरच राहतो. "डब्ल्यूपीए-२" किंवा "डब्ल्यूपीए-२ / डब्ल्यूपीए-३ मिश्र" निवडा. आत्याकडे अडलं होतं ते इथेच. जुनं नाव आणि पासवर्ड देऊनही बल्ब वीस मिनिटं ऑफलाइन होता, हे एक बदललं आणि एका मिनिटात जोडला गेला.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी चॅनलकडे, म्हणजे पट्टीतल्या क्रमांक दिलेल्या भागांकडेही बघावं. आमच्या इमारतीत फोनवर वीस-पंचवीस वायफायची नावं दिसतात, सगळी त्याच पट्टीत दाटीवाटीने. २.४ साठी १, ६ किंवा ११ यांपैकी ज्यावर शेजारी कमी असतील तो चॅनल ठेवा. १२ आणि १३ वर ठेवू नका, काही बल्बना ते चॅनल दिसत नाहीत.

आता नव्याने जोडायचं असेल तर

ॲपमधून बल्ब काढून टाकायची घाई करू नका. बऱ्याच ॲपमध्ये तसाच ठेवून पुन्हा जोडला तर त्याचं नाव आणि वेळापत्रक टिकतं. काढला की सगळं पहिल्यापासून.

बल्ब उंचावर असेल तर तो उतरवून राउटरजवळ आणा. बटण बंद करा, बल्ब गार होऊ द्या, स्टूल कुणालातरी धरायला सांगा. आपल्याकडे बहुतेक घरांत पिनांचे होल्डर असतात, हलकंच आत दाबून डावीकडे फिरवला की बल्ब सुटतो. मग टेबललॅम्पमध्ये लावा, नाहीतर प्लगमध्ये खोचायचा होल्डर वापरा. तो मेन रोडवरच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि स्मार्ट बल्ब असलेल्या घरात एक असावाच. अंधाऱ्या जिन्यात उभं राहून एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताने बटण, ही कसरत कुणी करू नये. राउटरजवळ जोडलेला बल्ब जिन्यात नेऊन लावला तरी त्याची जोडणी तशीच राहते.

फोन तयार करा. ब्लूटूथ आणि लोकेशन चालू करा, ॲपला त्यांची परवानगी द्या. आयफोन असेल तर "लोकल नेटवर्क"ची परवानगीही हवी. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. फोन घरच्या मुख्य वायफायवर ठेवा, पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर नको. तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत आणि जोडणी अर्ध्यावर राहते.

मग बल्ब चालू करा आणि एका लयीत बंद-चालू, बंद-चालू करा, प्रत्येक वेळी साधारण एक सेकंद. काही बल्बना तीनदा पुरतं, काहींना पाचदा लागतं, खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं. फार भराभर केलं तर त्याला मोजताच येत नाही. मनात "एक-बंद, एक-चालू" म्हणत केलं की जमतं.

शेवटच्या वेळी चालू केल्यावर तो लुकलुकेल. सेकंदाला दोनदा वगैरे जलद लुकलुकत असेल तर फोन वायफायची माहिती थेट हवेतून त्याच्याकडे पाठवणार आहे. ॲपमध्ये "नवीन उपकरण" दाबा, पासवर्ड टाका, थांबा. दोन-तीन सेकंदांनी एकदा असा सावकाश लुकलुकत असेल तर बल्बने स्वतःचंच छोटं वायफाय सुरू केलेलं असतं आणि फोनला आधी त्याला जोडायचं असतं. फोन लगेच विचारेल, "या नेटवर्कवर इंटरनेट नाही, सोडू का?" सोडायचं नाही. मोबाइल डेटाही तेवढ्यापुरता बंद ठेवा, नाहीतर फोन आपणहून तिकडे वळतो. जलद लुकलुकणाऱ्या बल्बने दोनदा दाद दिली नाही, तर मी दुसरा, सावकाश लुकलुकण्याचा मार्ग घेते. तो वेळ खातो, पण जास्त खात्रीचा आहे. नव्या बल्बांमध्ये हे सगळं ब्लूटूथवर होतं आणि फारसं काही करावंच लागत नाही.

पासवर्ड टाकताना डोळ्याचं चिन्ह दाबून तो नजरेने वाचून घ्या.

तरीही अडलं तर

घरातल्या दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट २.४ वर चालू करा आणि बल्ब त्याला जोडून बघा. आयफोनच्या हॉटस्पॉटसाठी "मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी" चालू करावं लागतं. हॉटस्पॉटला जोडला गेला तर बल्ब ठणठणीत आहे, दोष राउटरच्या सेटिंगमध्ये शोधा. तिथेही नाही जोडला गेला, तर दुकानदाराकडे न्यायला हरकत नाही. वॉरंटीचं बिल आधी शोधून ठेवा.

"हे उपकरण दुसऱ्या खात्यात आहे" असं ॲप म्हणालं, तर प्रश्न वायफायचा नाहीच. बल्ब ज्याने पहिल्यांदा लावला त्याच्या खात्याला तो बांधलेला असतो. आत्याकडचे बल्ब माझ्या आतेभावाने लावले होते आणि तो आता पुण्याला असतो. त्याला फोन करून ॲपमधलं "घर" माझ्याबरोबर आणि आत्याबरोबर शेअर करायला सांगितलं, दोन मिनिटांचं काम. आई-वडिलांकडे बल्ब लावून परगावी जाणाऱ्या प्रत्येकाने हे निघण्यापूर्वी करावं असं मला मनापासून वाटतं.

जागेवर लावल्यावर

ॲपमध्ये वेळापत्रक उघडून बघा. मग "वीज आल्यावर काय करायचं" अशा अर्थाचं सेटिंग शोधा आणि जिन्यासाठी, न्हाणीघरासाठी ते "चालू" ठेवा, म्हणजे वायफाय नसलं तरी बटणाने दिवा लागेल. बल्बवर धातूची शेड असेल तर काढा, ती लाट अडवते. बटणाशेजारी एक चिठ्ठी चिकटवा, "हे बटण बंद करू नये". आत्याला झोपण्यापूर्वी घरातली सगळी बटणं बंद करायची पन्नास वर्षांची सवय आहे आणि बटण बंद असेल तर कुठलाही बल्ब ऑनलाइन येत नाही. वायफायचं नाव आणि पासवर्ड ठळक अक्षरांत कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून लावा.

शेवटी मेन स्विच बंद करून दोन मिनिटांनी चालू करा आणि घड्याळ लावून बघा, सगळं परत यायला किती वेळ लागतो. आत्याकडे राउटरला अडीच मिनिटं लागली आणि जिन्यातला बल्ब त्यानंतर मिनिटाभरात ॲपमध्ये दिसला. तिच्या कपाटातल्या कागदावर पासवर्डखाली आता एक ओळ आहे, "वीज आल्यावर पाच मिनिटं थांबणे, मग फोन करणे."