जुन्या कॉम्प्युटरवरचे प्रोग्रॅम नव्यावर कसे न्यावेत

विंडोजच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधलं फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन नव्या मशीनवर पेस्ट करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. ते बहुधा चालत नाही. इन्स्टॉल होताना प्रोग्रॅम रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) नोंदी करतो, काही डीएलएल (प्रोग्रॅमला लागणाऱ्या सहायक फाइल) सिस्टिम फोल्डरमध्ये टाकतो, सेटिंग्ज ‘ॲपडेटा’ या फोल्डरात ठेवतो. फोल्डर हा त्यातला एकच तुकडा. म्हणून प्रोग्रॅम नव्याने इन्स्टॉल करायचा. न्यायचं ते लायसन्स, सेटिंग्ज आणि डेटा. (पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारे प्रोग्रॅम मात्र फोल्डरसकट खुशाल कॉपी करा.)

१. आधी यादी. विंडोज १० किंवा ११ मध्ये टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून ‘विंगेट एक्सपोर्ट -ओ’ (winget export -o) ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा आणि पुढे फाइलचं नाव द्या, शेवटी .जेसन. विंगेट हे प्रोग्रॅम इन्स्टॉल करणारं मायक्रोसॉफ्टचं साधन; जे प्रोग्रॅम त्याच्या भांडारात नाहीत त्यांची नावं स्क्रीनवर दिसतात, पण फाइलमध्ये जात नाहीत. ती कागदावर उतरवून घ्या.

२. लायसन्स. ठरावीक मशीनपुरतंच ॲक्टिव्हेशन देणारे प्रोग्रॅम जुन्या मशीनवर डीॲक्टिव्हेट किंवा साइन आउट करा, आणि हे फॉरमॅट करण्याआधीच. प्रॉडक्ट की लिहून ठेवा. मशीनसोबतच आलेलं (ओईएम) लायसन्स सहसा त्याच मशीनपुरतं असतं.

३. सेटिंग्ज. प्रोग्रॅम बंद करा, विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, %ॲपडेटा% (%appdata%) इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. ‘रोमिंग’ फोल्डर उघडेल. त्यातलं हवं ते फोल्डर घ्या. फायरफॉक्सचं पूर्ण प्रोफाइल घ्यावं, कारण पासवर्ड लॉगिन्स.जेसन आणि की४.डीबी या दोन्ही फाइल असल्या तरच उघडतात. नव्या मशीनवर फायरफॉक्सची आवृत्ती तीच किंवा पुढची असावी, जुनी आवृत्ती नवं प्रोफाइल नाकारते. क्रोमचे पासवर्ड विंडोजच्या खात्याशी बांधून एन्क्रिप्ट केलेले असतात, त्यामुळे फोल्डर कॉपी करून उपयोग नाही. क्रोमचं सिंक वापरा, नाहीतर पासवर्ड सीएसव्ही या साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये एक्सपोर्ट करा. त्या फाइलमध्ये पासवर्ड उघडे दिसतात. काम झालं की लगेच डिलीट करा.

४. नव्या मशीनवर. यादीची फाइल इथे आणून टर्मिनलमध्ये ‘विंगेट इम्पोर्ट -आय’ (winget import -i) आणि फाइलचं नाव टाइप करा. यादीतले प्रोग्रॅम एकामागून एक बसत जातात. कागदावरचे त्यांच्या अधिकृत साइटवरून घ्या. सेटिंग्जची फोल्डरं परत टाकण्याआधी प्रत्येक प्रोग्रॅम एकदा उघडून बंद करा.

‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडत नाही’ असा एरर आला, तर ती डीएलएल भलत्याच साइटवरून उतरवू नका. मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल (अशा डीएलएलचा अधिकृत संच) टाका. ६४-बिट विंडोजवरही ३२-बिट प्रोग्रॅमला त्याची एक्स८६ (३२-बिट) आवृत्तीच लागते. बहुतेक जण एक्स६४ (६४-बिट) टाकतात आणि तोच एरर पुन्हा पाहतात. दोन्ही टाकलेल्या बऱ्या. १६-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर चालतच नाहीत. ड्रायव्हर (प्रिंटर, साउंड कार्ड वगैरे हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) जुन्या मशीनवरून आणू नका.

मॅकवर काम सोपं आहे, त्यातलं ‘मायग्रेशन असिस्टंट’ हे साधन ॲप्सही नेतं.

जुनी डिस्क दोन-तीन आठवडे तरी तशीच ठेवा. विसरलेला प्रोग्रॅम महिनाअखेरीच्या कामातच आठवतो.