डॉक्टरांनी लिहिलं, मी दिलं… मग माझी काय चूक?

फार्मासिस्ट म्हणून नोकरीच्या पहिल्या वर्षी माझी पक्की समजूत होती: चिठ्ठीत आहे तेच दिलं की आपण मोकळे. ती समजूत मेथोट्रेक्सेटच्या एका चिठ्ठीनं मोडली. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात. चिठ्ठीवर मात्र 'रोज एक' होतं आणि मी लेबल छापायलाही घेतलं होतं. शेजारच्या सीनियर बाईंनी थांबवलं, डॉक्टरांना फोन करायला लावला. रोज घेतली असती तर अस्थिमज्जेवर घाला पडतो, रक्तपेशी घसरतात, माणूस दगावूही शकतो. फोन ठेवल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "दावा झाला असता ना, तर डॉक्टरांच्या शेजारी तूही उभी असतीस."

कायदा देशागणिक बदलतो. पण निष्काळजीपणाच्या दाव्यात साधारण हेच विचारतात: काळजी घेणं तुमचं कर्तव्य होतं का, ते चुकलं का, रुग्णाला इजा झाली का आणि ती त्या चुकीमुळेच झाली का. तोलायचं माप म्हणजे तुमच्या जागी दुसऱ्या सक्षम फार्मासिस्टनं काय केलं असतं. 'खूप गर्दी होती' हे उत्तर तिथे फारसं चालत नाही.

दुसरी चूक सर्वस्वी माझी. हायड्रॉक्सिझिन लिहिलेलं, मी काढलं हायड्रॅलाझिन. नावं सारखी, डबे शेजारी. पाकीट देताना रुग्ण बाईंना सवयीनं विचारलं, "कशासाठी घेताय?" त्या म्हणाल्या, "खाज सुटते हो." माझ्या हातात रक्तदाबाची गोळी! तेव्हापासून हा प्रश्न मी कधीच गाळत नाही. नव्यांना हे समुपदेशन म्हणजे वेळखाऊ शिष्टाचार वाटतं. माझ्या मते ती शेवटची चाळणी आहे. दशांश चिन्हाचंही तसंच: हस्ताक्षरात 1.0 चं 10 सहज होतं. शंका आली की अंदाज बांधायचा नाही, विचारायचं.

आणि विचारलंत तर लिहून ठेवा. कोणाशी बोललात, किती वाजता, काय ठरलं. नोंद त्याच वेळी करायची. तक्रार आल्यावर जुन्या नोंदीत भर घालणं मूळ चुकीपेक्षा महागात पडतं.

आता विमा, म्हणजे अशा दाव्यांपासून संरक्षण देणारा. मालकाची पॉलिसी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ती आधी मालकाचं हित बघते. स्वतःची घेताना एक गोष्ट नीट वाचा: संरक्षण चूक घडली त्या काळावर ठरतं की दावा दाखल झाला त्या काळावर? दुसऱ्या प्रकारात पॉलिसी बंद पडली की जुन्या चुकांवरचं छत्रही जातं. त्यासाठी वाढीव मुदत वेगळी घ्यावी लागते. मी नोकरी बदलली तेव्हा हे विचारलंच नाही. मधले चार महिने मी उघड्यावर काढले आणि ते मला कळलं पुढच्या पॉलिसीचा अर्ज भरताना.