अवकाशातील बर्फाचा वर्णपट घेताना: नवी मुंबईच्या दमट हवेत घ्यायची काळजी

तारकांदरम्यानच्या दाट मेघांत धुळीच्या कणांवर साधारण १० केल्विन तापमानाला पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा बर्फ साचतो, आणि अतिनील किरणांमुळे त्यात कार्बन डायऑक्साइडसारखे नवे रेणू घडतात. ही रसायनक्रिया प्रयोगशाळेत घडवून अवरक्त वर्णपटाने पाहायची असेल, तर नवी मुंबईत आधी हवेतल्या बाष्पाचा बंदोबस्त करावा लागतो.

वर्णपटमापकातील, अवरक्त किरण आरपार जाऊ देणाऱ्या पोटॅशियम ब्रोमाइडच्या खिडक्या ओलावा शोषून धुरकट होतात. त्यामुळे, विशेषतः पावसाळ्यात, मापन चालू नसतानाही वर्णपटमापकात आणि प्रकाशमार्गात कोरडा नायट्रोजन वाहता ठेवावा.

ज्यात बर्फ साचवायचा तो निर्वात कक्ष एक-दोन दिवस तापवून भिंतींना चिकटलेले पाणी काढावे आणि दाब मिलिबारच्या दहा अब्जाव्या भागापर्यंत उतरवावा. हा आग्रह अनाठायी नाही: मिलिबारच्या कोटीव्या भागाइतक्या दाबाला उरलेल्या वायूचा एकेरी (एका रेणूच्या जाडीचा) थर, ज्यावर बर्फ साचवायचा त्या थंड पृष्ठभागावर मिनिटभराच्या आत बसू शकतो, तर त्याहून हजारपट कमी दाबाला त्यालाच काही तास लागतात.

पृष्ठभाग १० केल्विनला स्थिरावल्यावर प्रथम कोऱ्या पृष्ठभागाचा वर्णपट नोंदवावा. बाष्पासाठी घेतलेल्या पाण्यात विरघळलेली हवा, ते पाणी गोठवणे, वरची हवा उपसणे आणि पाणी वितळवणे हे चक्र तीनदा करून काढावी. मग बाष्प आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे मिश्रण सूक्ष्म झडपेतून सावकाश सोडावे. कार्बन मोनॉक्साइडचा पट्टा (वर्णपटातली शोषणाची खूण) २१४० प्रति सेंटिमीटर या तरंगांकाजवळ, तर पाण्याचा रुंद पट्टा ३२८० जवळ दिसतो.

आता हायड्रोजन दिवा लावावा, त्याचे १२१.६ नॅनोमीटरचे किरण मॅग्नेशियम फ्लोराइडच्या खिडकीतून आत येतात. काही वेळाने २३४० च्या आसपास कार्बन डायऑक्साइडचा पट्टा उगवतो. येथेच नवखे विद्यार्थी फसतात, कारण खोलीतल्या माणसांच्या उच्छ्वासातला वायूही तेथेच शोषण दाखवतो. वायूचे शोषण दुहेरी फाट्याचे असते, तर बर्फातले एकाच अरुंद पट्ट्याचे. पण थर पातळ असेल तेव्हा केवळ आकारावर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे. कार्बन-१३ (कार्बनचे किंचित जड समस्थानिक) असलेला कार्बन मोनॉक्साइड वापरावा. तसे केल्यास कार्बन डायऑक्साइडचा पट्टा २२८० जवळ सरकतो, आणि पृष्ठभाग हळूहळू तापवताना रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या वस्तुमान वर्णपटमापकावर ४४ ऐवजी ४५ चा संकेत वाढतो. त्या कार्बनचा उगम आपल्याच नमुन्यात आहे, हे त्यावरून ठरते.

शेवटी तसाच नवा नमुना साचवून, तितकेच तास, दिवा न लावता मोजावा. त्यात वाढलेले पाणी मूळ मोजणीतून वजा करावे.