अर्धा मीटर केबल आणि चुकलेले उत्तर: आरएफ प्रयोगशाळेतून शिक्षण-संशोधन कसे उभे करावे

कोल्हापूर परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) सर्किट डिझाइन शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकांसमोर एक पेच नेहमी असतो. सर्किटवर संशोधन करावे तर उपकरणे महाग, आणि शिकवण्याच्या पद्धतीवर करावे तर ते ‘खरे’ संशोधन नव्हे असे सहकाऱ्यांना वाटते. माझ्या अनुभवाने ही दोन कामे वेगळी ठेवणेच चुकीचे आहे. विद्यार्थी ज्या टेबलावर मॅचिंग नेटवर्क, म्हणजे स्रोत आणि लोड एकमेकांशी जुळवणारे सर्किट, मोजतो, त्याच टेबलावर त्याच्या समजुतीचेही मोजमाप करता येते. अट एकच, ती म्हणजे मोजमापापूर्वी त्याने आपला अंदाज कारणासह कागदावर लिहिलेला असला पाहिजे.

सुरुवात कोएक्सियल केबलच्या एका तुकड्यापासून करावी. आरजी-५८ केबलमध्ये लहर प्रकाशवेगाच्या सुमारे ०.६६ पट वेगाने जाते. १०० मेगाहर्ट्झला, म्हणजे आपल्या एफएम पट्ट्याच्या मध्याजवळ, हवेतील तरंगलांबी ३ मीटर असते, तर केबलमधील तरंगलांबी १९८ सेंटिमीटर आणि तिचा चतुर्थांश सुमारे ४९.५ सेंटिमीटर भरतो. एवढ्या लांबीच्या तुकड्याच्या एका टोकाला एसएमए कनेक्टर बसवावा आणि दुसरे टोक उघडे ठेवावे. प्रथम मल्टिमीटर लावून दाखवावे. तो अर्थातच ‘ओपन’ दाखवतो. मग विद्यार्थ्यांना विचारावे की हीच केबल व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझरला, म्हणजे परतणारी लहर मोजणाऱ्या यंत्राला, जोडली तर १०० मेगाहर्ट्झला काय दिसेल. प्रत्येकाने कागदावर उत्तर आणि दोन ओळी कारण लिहावे, कागद गोळा करावेत आणि त्यानंतरच मोजमाप करावे. यंत्राच्या पडद्यावर स्मिथ चार्ट हा वर्तुळाकार आलेख असतो; त्यावरचा मार्कर उजव्या टोकाऐवजी, म्हणजे ओपनच्या जागेऐवजी, डाव्या टोकाला, म्हणजे शॉर्टच्या जागी, जाऊन बसतो. उघड्या टोकापर्यंत जाऊन परतताना लहर अर्धी तरंगलांबी चालते आणि उलटी होऊन येते. माझ्या वर्गात मागच्या बाकावरचा एक मुलगा न राहवून म्हणाला, “सर, केबल आतून चिकटली असणार.” हे वाक्य मी त्या दिवशीच्या नोंदवहीत जसेच्या तसे उतरवून ठेवले. डीसी सर्किटचे नियम आरएफला लावण्याची सवय किती खोल रुजलेली असते, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा पुरावा माझ्याकडे नव्हता.

यासाठी लागणारे उपकरण आता महाविद्यालयाच्या आवाक्यात आहे. नॅनोव्हीएनए हे तळहातावर मावणारे असेच ॲनालायझर यंत्र आहे, आणि त्याची मूळ आवृत्ती ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात काम करते. मात्र ते एका स्वीपमध्ये, म्हणजे पट्ट्यावरच्या एका फेरीत, १०१ बिंदूच घेते, त्यामुळे पूर्ण पट्टा ठेवला तर दोन बिंदूंत सुमारे ९ मेगाहर्ट्झचे अंतर पडते आणि अरुंद रेझोनन्स सरळ निसटतो. ८० ते १२० मेगाहर्ट्झ एवढाच स्वीप ठेवल्यास हे अंतर ०.४ मेगाहर्ट्झवर येते. पट्टा बदलल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा करावे, आणि ओपन, शॉर्ट व लोड हे कॅलिब्रेशनचे तिन्ही प्रमाण तुकडे यंत्राच्या पोर्टवर न लावता जोडकेबलच्या टोकाला लावावेत. माझ्या पहिल्या वर्षी एका बॅचने पोर्टवर कॅलिब्रेशन करून मग ३० सेंटिमीटरची जोडकेबल लावली. तेवढ्या केबलने १०० मेगाहर्ट्झला चार्टवरचा बिंदू १०० अंशांहून अधिक फिरतो. चूक माझ्याच मॅन्युअलमधील एका संदिग्ध वाक्याची होती आणि त्या बॅचची सगळी आकडेवारी मला टाकून द्यावी लागली.

दुसरा प्रयोग मॅचिंग नेटवर्कचा असावा, कारण तेथे गणित, हातकाम आणि समज या तिन्ही गोष्टी एकत्र तपासता येतात. ५० ओहमच्या स्रोताला २०० ओहमचा लोड थेट जोडला तर परावर्तन गुणांक ०.६ येतो, म्हणजे त्याच्या वर्गाइतकी, ३६ टक्के, शक्ती परत फिरते. १०० मेगाहर्ट्झला हे जुळवण्यासाठी दोन घटकांचे एल-नेटवर्क पुरते: स्रोताच्या बाजूला सिरीजमध्ये सुमारे १३८ नॅनोहेन्रीची कॉइल आणि २०० ओहमच्या लोडला समांतर सुमारे १३.८ पिकोफॅरडचा कपॅसिटर. १२ आणि १.८ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर समांतर जोडले की हा आकडा बरोबर जमतो. कॉइल विकत आणण्याची गरज नाही. साडेपाच मिलिमीटरच्या ड्रिल बिटवर ०.७ मिलिमीटर जाडीच्या एनॅमल तारेचे सहा वेढे घालून ते साडेसात मिलिमीटर लांबीत पसरवले की १३० ते १४० नॅनोहेन्रीच्या आसपास मूल्य मिळते, आणि वेढे किंचित ताणून किंवा दाबून ते नेमके करता येते.

इथे विद्यार्थ्यांना मुद्दाम दोन प्रकारे जोडणी करू द्यावी. एका गटाने पाय न कापलेले कपॅसिटर वापरावेत, दुसऱ्याने सरफेस माउंट घटक. तारेच्या दर मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो, म्हणून एक-एक सेंटिमीटरच्या दोन पायांचे २० नॅनोहेन्री होतात आणि १०० मेगाहर्ट्झला त्यांचा रिॲक्टन्स (एसी प्रवाहाला होणारा अडथळा) सुमारे १२.६ ओहम भरतो. कपॅसिटरच्या ११५.५ ओहममधून तो वजा होतो, त्यामुळे १३.८ पिकोफॅरडचा कपॅसिटर सर्किटला जवळपास १५.५ पिकोफॅरडचा भासतो. जुळणीचा बिंदू सरकतो आणि विद्यार्थी कॅल्क्युलेटरवरचे गणित पुन्हा पुन्हा तपासत बसतो, कारण सर्किट डायग्रामवर पाय काढलेलेच नसतात. ब्रेडबोर्डवर हा प्रयोग करू नये; तेथील शेजारच्या ओळींमध्येच काही पिकोफॅरड असतात आणि १.८ पिकोफॅरडला त्यात काही किंमत उरत नाही. साध्या एफआर-४ (फायबरग्लासच्या) सर्किट बोर्डवर, १.६ मिलिमीटर जाडीला सुमारे ३ मिलिमीटर रुंदीची मायक्रोस्ट्रिप, म्हणजे तांब्याची पट्टी, काढली की ५० ओहमची लाइन मिळते आणि या फ्रिक्वेन्सीला तेवढे पुष्कळ आहे. सर्किट झाकण्यासाठी ॲल्युमिनियमचा डबा हवा असल्यास कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कारखान्यांत तो यंत्रावर कोरून मिळतो, फक्त ड्रॉइंगवर टोलरन्स लिहून न्यावा, नाहीतर “किती मायक्रॉनात पाहिजे?” या पहिल्याच प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसते.

आता शिक्षण-संशोधनाची बाजू. वर्गाची समज मोजण्यासाठी दहा-बारा संकल्पनात्मक प्रश्नांची चाचणी तयार करावी, ज्यांत आकडेमोड जवळजवळ नसेल. भौतिकशास्त्रात १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ या बल-गतीवरील चाचणीने ही वाट दाखवली. तिच्यातील चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष गैरसमजांवर बेतलेले होते, आणि आपणही आपले पर्याय त्या गोळा केलेल्या कागदांतूनच काढावेत. सत्राच्या आरंभी आणि शेवटी तीच चाचणी घेऊन अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये वापरलेला सामान्यीकृत लाभ काढावा, म्हणजे सरासरी गुणांत झालेली प्रत्यक्ष वाढ भागिले होऊ शकणारी कमाल वाढ. वर्गाची सरासरी ४० टक्क्यांवरून ५८ वर गेली तर लाभ १८ भागिले ६०, म्हणजे ०.३० येतो. हेक यांच्या ६,५४२ विद्यार्थ्यांच्या आकडेवारीत केवळ व्याख्यानावर चाललेल्या अभ्यासक्रमांचा सरासरी लाभ ०.२३, तर विद्यार्थ्यांना सहभागी करून घेणाऱ्यांचा ०.४८ होता. हे आकडे भौतिकशास्त्रातील यांत्रिकीच्या, म्हणजे बल आणि गतीच्या, अभ्यासक्रमांचे आहेत. आरएफच्या वर्गाला ते जसेच्या तसे लावून शेखी मिरवू नये.

नुसत्या सरासरीपेक्षा कारणांचे वर्गीकरण मला अधिक मोलाचे वाटते. केबलच्या प्रयोगातील उत्तरे ढोबळमानाने चार प्रकारची येतात: उघडे ते उघडेच असे मानणारी, केबलमुळे फक्त उशीर किंवा लॉस होतो असे सांगणारी, ‘शॉर्ट’ असे बरोबर लिहूनही कारण पाठ केलेले असणारी, आणि जाणाऱ्या-परतणाऱ्या लहरींतून खरोखर विचार करणारी. तिसरा प्रकार सर्वांत फसवा असतो, कारण विद्यापीठाच्या परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतात. हे वर्गीकरण दोन शिक्षकांनी एकमेकांना न विचारता करावे आणि त्यांचे किती जुळते ते कोहेन यांच्या कप्पा या निर्देशांकाने तपासावे. फार कमी जुळले तर विद्यार्थ्यांना दोष देण्याआधी आपल्या व्याख्या पुन्हा लिहाव्यात.

कारणे मराठीत लिहिण्याची मुभा अवश्य द्यावी. इंग्रजीत लिहायला लावले की पुस्तकातील वाक्य येते, मराठीत विचारले की मनातले येते. आमच्या एका विद्यार्थ्याने लिहिले होते की पंप चालू असताना पाइपलाइनचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला की धक्का मागे येतो, तसा सिग्नल मागे येत असणार. पंचगंगेच्या काठच्या उपसा योजनांवर वाढलेल्या मुलाला परावर्तन शिकवावे लागत नाही, त्याला ते नाव द्यावे लागते. दाब म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाह म्हणजे करंट असे धरले तर उपमा बऱ्याच अंतरापर्यंत टिकते. पण येथे एक खाच आहे: बंद व्हॉल्व्हमध्ये प्रवाह शून्य आणि दाब कमाल, म्हणजे ‘बंद’ व्हॉल्व्ह हा ‘ओपन’ सर्किटशी जुळतो. शब्दांचा हा उलटा मेळ फळ्यावर स्पष्ट लिहून दाखवला नाही तर उपमेतूनच नवा गैरसमज जन्माला येतो.

तुलनेसाठी एका बॅचला प्रयोग द्यायचा आणि दुसरीला वंचित ठेवायचे, हे मला न्याय्य वाटत नाही. त्याऐवजी पहिल्या विषयात अ बॅचने आधी अंदाज लिहून प्रयोग करावा व ब बॅचने नेहमीच्या पद्धतीने, आणि पुढच्या विषयात अदलाबदल करावी. वीस-वीस मुलांच्या बॅचवरून मोठे दावे करता येत नाहीत, म्हणून दोन-तीन वर्षे तोच आराखडा चालू ठेवावा. संमती लेखी घ्यावी, नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरावा, आणि या चाचणीचा टर्मवर्कच्या गुणांशी काडीचाही संबंध ठेवू नये. पहिल्या खेपेला मी पाच गुण ठेवले होते. अख्ख्या बॅचचे अंदाज शब्दशः सारखे आले, अगदी शुद्धलेखनाच्या चुकांसह.

लेखन पाठवताना दोन्ही बाजू एकाच लेखात कोंबू नयेत. पायांच्या इंडक्टन्समुळे सरकणाऱ्या जुळणीचे मोजमाप आणि मॉडेल हा सर्किटचा लेख. अंदाज, कारणे आणि लाभ हा शिक्षणाचा. दुसऱ्यासाठी फार लांब जायला नको: ‘जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन ट्रान्सफॉर्मेशन्स’ शेजारच्या सांगली जिल्ह्यातील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून प्रसिद्ध होते. लेखात केबलची लांबी, कॅलिब्रेशनची जागा, स्वीपचा पट्टा आणि प्रश्नांचे मूळ मराठी शब्द द्यावेत, म्हणजे गारगोटीच्या किंवा इचलकरंजीच्या एखाद्या प्रयोगशाळेत तोच प्रयोग दुसऱ्याला करून पाहता येईल. आणि पहिल्या दिवशी गोळा केलेले ते कागद रद्दीत जाऊ देऊ नयेत. सत्र संपल्यावर ते विद्यार्थ्यांना परत दाखवून स्वतःच्याच उत्तरातील चूक शोधायला सांगावी आणि तीही नोंदवून ठेवावी.