ऑनलाइन लिलावातून जुना संगणक घेताना: बोली लावण्याआधी काय तपासावे

जुना लॅपटॉप दुकानातून घेताना तो उघडून, चालवून, कळफलकाची प्रत्येक कळ दाबून पाहता येते आणि समाधान झाले नाही तर पैसे न देता बाहेर पडता येते. ऑनलाइन लिलावात हाच क्रम उलटा होतो. आधी बोली, मग पैसे आणि सगळ्यात शेवटी वस्तू हातात. त्यामुळे लिलावातली जवळजवळ सगळी तपासणी बोली लावण्यापूर्वीच, छायाचित्रे, वर्णन आणि विक्रेत्याची लेखी उत्तरे यांच्या आधारे उरकावी लागते. ज्याला एवढा वेळ देणे शक्य नाही, त्याने लिलावाच्या वाटेला न जाता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या शहरातल्या ओळखीच्या दुकानात चार पैसे जास्त द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिलाव कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी पाहा

ईबेची भारतीय शाखा 2018 च्या ऑगस्टमध्ये बंद झाली. त्यानंतर आपल्याकडच्या ग्राहकासमोर प्रामुख्याने दोन वाटा उरल्या. पहिली म्हणजे सरकारी कार्यालये, बँका आणि मोठ्या कंपन्या आपले जुने संगणक काढून टाकण्यासाठी एमएसटीसीसारख्या संकेतस्थळांवरून करतात ते ई-लिलाव. आणि दुसरी म्हणजे परदेशातल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवलेला ईबेवरचा माल.

पहिल्या प्रकारात विक्री बहुधा ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर होते. याचा अर्थ असा की माल चालतो की नाही, पूर्ण आहे की नाही, याची कोणतीही हमी विकणारा देत नाही आणि तो उचलून नेण्याचा खर्च घेणाऱ्याचा असतो. संगणक सुटे न विकता लॉटमध्ये विकले जातात, आणि पन्नास यंत्रांच्या लॉटमध्ये हार्ड डिस्क किती यंत्रांत आहेत, हे यादीत लिहिलेले असेलच असे नाही. लिलावाच्या सूचनेत पाहणीचे दिवस दिलेले असतात. त्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन माल पाहिल्याशिवाय बोली लावू नये. अनामत रक्कम भरून बोली जिंकली आणि मग माल पसंत नाही म्हणून उचलला नाही, तर ती रक्कम जप्त होते. आणखी एक अट अनेकांच्या लक्षात येत नाही: लॉट ई-कचरा म्हणून काढला असेल, तर तो फक्त नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांसाठीच असतो. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो घरगुती ग्राहकाने किंवा भंगारवाल्याने घेणे अपेक्षित नाही.

दुसऱ्या प्रकारात खरेदीदाराला संरक्षण अधिक असते, पण त्याला मुदत असते. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर ईबेवर माल पोचल्यापासून साधारण 30 दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. आपल्याकडे नेमके इथेच बिनसते. ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्या भावाच्या घरी आलेले खोके न उघडताच कपाटात राहते, दिवाळीत तो येतो तेव्हा पुण्यात ते उघडले जाते आणि तोपर्यंत मुदत संपलेली असते. शिवाय पहिल्या पत्त्यावरून पुढे दुसरीकडे पाठवलेल्या मालाला ते संरक्षण लागू राहत नाही. तेव्हा नातेवाइकाला आधीच विनंती करावी की खोके आल्या दिवशी उघडून, पुढे दिलेल्या तपासण्या तिथेच करून घ्याव्यात.

जुना संगणक परदेशातून थेट कुरिअरने भारतात मागवण्याचा विचार करू नये, कारण वापरलेल्या संगणकांच्या आयातीवर निर्बंध आहेत आणि त्यासाठी परवाना लागतो. प्रवासी म्हणून येणाऱ्या 18 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला सामानातून एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो. डेस्कटॉपला ही सवलत नाही. त्यातूनही अमेरिकेतला जुना डेस्कटॉप आणलाच, तर वीज जोडण्यापूर्वी त्याची मागची बाजू पाहावी. अनेक जुन्या पॉवर सप्लायवर केबलच्या खोबणीशेजारी एक छोटा लाल सरकता खटका असतो आणि त्यावर 115 किंवा 230 असा आकडा दिसतो. तो 115 वर असताना आपल्याकडच्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये पिन घातली, तर पॉवर सप्लाय क्षणात जळतो. लॅपटॉपचे चार्जर बहुतेक 100 ते 240 व्होल्टवर चालणारे असल्यामुळे तिथे ही भीती नसते.

वर्णन वाचताना गाळलेल्या गोष्टी शोधा

‘कोअर आय7, 8 जीबी रॅम, उत्तम स्थिती’ एवढ्या वर्णनावर बोली लावणारे पुष्कळ असतात. यातला ‘आय7’ स्वतःहून फारसे काही सांगत नाही, कारण प्रोसेसरची पिढी त्यापुढच्या आकड्यात असते. आय7-2620एम हा दुसऱ्या पिढीचा आहे आणि आय5-8250यू हा आठव्या. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा सुविधा लागते. म्हणजे ऐटदार नावाचा दुसऱ्या पिढीचा आय7 हा साध्या आठव्या पिढीच्या आय3 पेक्षा रोजच्या वापराला कमी उपयोगाचा ठरतो. लिनक्स वापरणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र स्वस्तात मिळाले तर ते जरूर घ्यावे. इंटेल प्रोसेसरच्या मॅकबुकबाबतही सावध राहावे, कारण 2025 मध्ये आलेली मॅकओएस टाहो ही त्यांच्यासाठी शेवटची मोठी आवृत्ती असल्याचे अॅपलने जाहीर केले आहे.

विक्रेता ‘अनटेस्टेड’ किंवा ‘चार्जर नसल्याने तपासले नाही’ असे लिहितो तेव्हा ते यंत्र बंद आहे असेच धरून चालावे. जुन्या संगणकांचा धंदा करणाऱ्याकडे एक चार्जर नसावा, हे पटणारे नाही. ‘सुट्या भागांसाठी’ या सदरात लावलेली वस्तू चालत नाही म्हणून नंतर तक्रारही करता येत नाही.

छायाचित्रांपैकी खालच्या बाजूचे, म्हणजे अनुक्रमांकाच्या पट्टीचे छायाचित्र मागून घ्यावे. त्या क्रमांकावरून डेल, लेनोवो, एचपी यांच्या संकेतस्थळांवर मॉडेल आणि वॉरंटीची स्थिती पाहता येते. पट्टी खरवडलेली असेल तर तिथूनच मागे फिरावे. लॅपटॉप बंद करून बाजूने काढलेले छायाचित्रही मागावे: झाकण नीट बसत नसेल किंवा टचपॅड वर उचललेला दिसत असेल, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी असते. अशी बॅटरी केवळ निकामी नसते, ती पेट घेऊ शकते.

कुलपांबद्दल विचारल्याशिवाय बोली नको

लिलावात येणारे बरेच लॅपटॉप कंपन्यांच्या वापरातले असतात आणि कंपन्या आपल्या यंत्रांवर जी कुलपे लावतात ती विंडोज नव्याने टाकून जात नाहीत. सगळ्यात मोठा धोका इथेच आहे, कारण यंत्र छायाचित्रात व्यवस्थित सुरू झालेले दिसते.

पहिले कुलूप बायोसच्या, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीच्या, पासवर्डचे. जुन्या डेस्कटॉपवर छोटी सीमॉस बॅटरी काढून तो घालवता येत असे. कंपनी वापरासाठीच्या अनेक लॅपटॉपवर मात्र तो मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये साठवलेला असतो आणि बॅटरी काढून काहीही होत नाही. दुसरे कुलूप अॅब्सोल्यूट या माग काढणाऱ्या यंत्रणेचे. ती बायोसमध्ये कायमची सुरू केलेली असेल तर डिस्क बदलल्यावरही पुन्हा जागी होते.

तिसरे कुलूप प्रामाणिक विक्रेत्यालाही ठाऊक नसते. विंडोज ऑटोपायलट या सोयीत कंपनी यंत्राची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदवून ठेवते. विक्रेत्याने इंटरनेट न जोडता विंडोज टाकली असेल, तर सगळे ठीक चालते. पुढे कधीतरी आपण यंत्र रीसेट करतो, वायफाय जोडतो आणि पडद्यावर एखाद्या अनोळखी कंपनीचे नाव येऊन तिथल्या कर्मचारी खात्याने साइन इन करण्याची मागणी होते. ही नोंद काढण्याचा अधिकार मूळ कंपनीकडे असतो आणि ती कंपनी कदाचित दुसऱ्या खंडात असते. मॅकमध्ये हेच काम ‘रिमोट मॅनेजमेंट’चा पडदा करतो, शिवाय 2018 पासूनच्या टी2 चिपच्या आणि त्यानंतरच्या अॅपल सिलिकॉनच्या मॅकवर अॅक्टिव्हेशन लॉक असतो, जो आधीच्या मालकाने आपल्या खात्यातून यंत्र काढल्याशिवाय सहसा सुटत नाही.

म्हणून विक्रेत्याला संकेतस्थळाच्या संदेशपेटीतूनच विचारावे: “यंत्र पूर्ण रीसेट करून, इंटरनेटला जोडून, सुरुवातीच्या सेटअपमध्ये कोणत्या कंपनीचे नाव येते का, हे कृपया पाहाल का? बायोसमध्ये पासवर्डशिवाय जाता येते, याचे छायाचित्र पाठवाल का?” हे उत्तर पुढे तक्रारीत पुरावा म्हणून लागते, त्यामुळे फोनवरचे आश्वासन पुरेसे मानू नये. उत्तर टाळणाऱ्याच्या मालावर बोली लावू नये.

कुलूप हा चोरीच्या मालाचाही इशारा असू शकतो. विक्रेत्याकडे मालकी नसेल तर वस्तू विक्री कायद्यानुसार, एरवी, तो ती आपल्यालाही देऊ शकत नाही, आणि चोरीचा माल आहे हे माहीत असून तो घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. मूळ बिलाची प्रत, किंवा कंपनीच्या लॉटमधून घेतल्यास अनुक्रमांकांसह पावती, जपून ठेवावी.

डिस्क आणि बॅटरी

डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमच्या पडद्याचे छायाचित्र विक्रेत्याकडून मागावे. हार्ड डिस्क असेल तर ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयास्पद जागांचे, आकडे शून्य असावेत; एसएसडी असेल तर उरलेल्या आयुष्याची टक्केवारी पाहावी. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरावा.

कमाल रक्कम आधी ठरवा

हा आकडा उलट्या बाजूने काढावा. तशीच चालू यंत्रे बाजारात कितीला मिळतात ते पाहून त्यातून बॅटरी, वाहतूक आणि कर वजा करावेत. अनेक ई-लिलावांत जीएसटी बोलीवर वेगळा लागतो: 15,000 रुपयांच्या बोलीवर 18 टक्क्यांनी 2,700 रुपये वाढतात आणि यंत्र 17,700 रुपयांना पडते. ईबेवर कमाल रक्कम एकदाच भरावी. यंत्रणा गरजेपुरतीच बोली वाढवते. शेवटच्या मिनिटात हजार-दोन हजार चढवण्याचा मोह इथेच आवरावा.

बोलींचा इतिहास उघडून पाहावा. एखादा बोलीदार जवळपास त्याच एका विक्रेत्याच्या वस्तूंवर बोली लावत असेल, तर किंमत फुगवण्यासाठी बसवलेला माणूस असण्याचा संशय रास्त आहे. वस्तू विक्री कायदा, 1930 च्या कलम 64 नुसार विक्रेत्याने खोट्या बोलीने किंमत चढवली तर खरेदीदाराला तो व्यवहार रद्द ठरवता येतो. प्रत्यक्षात ते सिद्ध करणे कठीण असते, म्हणून संशय येताच बाजूला होणे शहाणपणाचे.

लिलाव जिंकल्यावर “संकेतस्थळाचे कमिशन वाचवू, थेट यूपीआय करा” असा निरोप आला तर व्यवहार तिथेच थांबवावा. बाहेर पैसे दिले की संरक्षण संपते. आणि पैसे परत मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

माल आल्यावर

खोके उघडतानाचे सलग चित्रीकरण करावे, त्यात पट्टीवरचा अनुक्रमांक स्पष्ट दिसू द्यावा. त्याच दिवशी रॅम, डिस्क, पोर्ट, कॅमेरा आणि कळफलक तपासावेत. सगळे ठीक असेल तर डिस्क पूर्ण पुसून अधिकृत संकेतस्थळावरून उतरवलेली प्रणाली टाकावी. आधीच्या मालकाने ठेवलेली विंडोज, ती कितीही सोयीची वाटली तरी, वापरू नये; तिच्यात काय बसवले आहे ते आपल्याला माहीत नसते. एमआयटीच्या सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलात या दोन विद्यार्थ्यांनी ईबे आणि इतर ठिकाणांहून 158 जुन्या हार्ड डिस्क घेऊन तपासल्या होत्या. 2003 मध्ये त्यांनी लिहिले की चालू असलेल्या 129 पैकी जेमतेम 12 नीट पुसलेल्या होत्या, आणि काहींवर हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते. अशी कोणाची माहिती हाती लागली तर ती न उघडता पुसून टाकावी.

दोष आढळल्यास विक्रेत्याशी गोडीगुलाबीने बोलण्यात मुदत घालवू नये. छायाचित्रांसह तक्रार संकेतस्थळावर त्याच दिवशी नोंदवावी आणि बोलणी तिच्यासोबत चालू ठेवावीत. पैसेच लुबाडले गेले असतील तर 1930 या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी खाते गोठवले गेले तरच ती परत मिळण्याची आशा असते.