बाउंडेड बफर: आधी टीएलए प्लसमध्ये, मग जावामध्ये

ठरावीक क्षमतेचा बफर, त्यात वस्तू टाकणारे प्रोड्यूसर थ्रेड (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारी कामे) आणि काढणारे कन्झ्युमर थ्रेड. जावात हा छोटासा क्लास असतो: पुट आणि टेक या दोन सिंक्रोनाइज्ड (लॉक घेऊन एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या) मेथड, आत वेट (थांबा) आणि नोटिफाय (थांबलेल्या एकाला उठवा). दिसायला निर्दोष, तरी तो कायमचा अडकू शकतो. कोड लिहिण्याआधीच हे पकडायला लेस्ली लॅम्पोर्ट यांची टीएलए प्लस ही प्रणालीचे मॉडेल लिहिण्याची भाषा आणि तिचा टीएलसी हा मॉडेल चेकर, म्हणजे मॉडेलच्या शक्य त्या सगळ्या अवस्था (स्टेट) तपासणारे साधन, पुरतो. दोन्ही मोफत मिळतात.

मॉडेल कोणत्या पातळीवर करायचे, हे आधी ठरवा. चूक बहुधा इथेच होते. ‘बफर भरलेला नसेल तर पुट, रिकामा नसेल तर टेक’ एवढेच लिहिले तर मॉडेल डेडलॉकमुक्त, म्हणजे कधीच कायमचे न अडकणारे, ठरते. ते खरेही आहे, फक्त ते तुमच्या क्लासचे मॉडेल नाही. जावात अट पुरी न झालेला थ्रेड ऑब्जेक्टच्या वेट सेटमध्ये जातो आणि सहसा कोणी उठवेपर्यंत तिथेच राहतो. एका ऑब्जेक्टला वेट सेट एकच, त्यामुळे प्रोड्यूसर आणि कन्झ्युमर एकाच सेटमध्ये बसतात. हा सेट मॉडेलमध्ये आलाच पाहिजे.

व्हेरिएबल दोनच ठेवा: बफरमधल्या वस्तूंची संख्या आणि वेट सेट. वस्तू कोणत्या याने डेडलॉकला फरक पडत नाही. त्यांची यादी ठेवलीत तर स्टेट उगाच वाढतील. वेट सेटमध्ये नसलेला कोणताही थ्रेड पुढचे पाऊल टाकू शकतो. प्रोड्यूसरचे पाऊल असे: जागा असेल तर संख्या एकने वाढवा आणि वेट सेटमधून कोणताही एक थ्रेड बाहेर काढा, जागा नसेल तर स्वतः सेटमध्ये जा. कन्झ्युमरचे याच्या उलट. ‘कोणताही एक’ हे शब्दशः घ्या. नोटिफाय कोणाला उठवेल याची हमी जावा देत नाही, म्हणून मॉडेलमध्येही रांग गृहीत धरू नका.

उठलेल्या थ्रेडसाठी वेगळी पायरी लागत नाही, कारण कोडमध्ये वेटभोवती व्हाइल लूप असतो आणि थ्रेड अट पुन्हा पहिल्यापासून तपासतो. व्हाइलऐवजी इफ लिहिलात तर हे मॉडेल तुमच्या कोडला लागू पडणार नाही. वेट कोणी न उठवताही परत येऊ शकतो, हे जावाच्या दस्तऐवजांतच लिहिले आहे.

आता क्षमता १, प्रोड्यूसर १, कन्झ्युमर २ घेऊन टीएलसी चालवा. डेडलॉकची तपासणी तो आपणहून करतो. अडकण्याचा एक मार्ग सात पावलांचा आहे. दोन्ही कन्झ्युमर रिकामा बफर पाहून झोपतात. प्रोड्यूसर वस्तू टाकतो आणि पहिल्याला उठवतो. मग बफर भरलेला म्हणून प्रोड्यूसर स्वतः झोपतो. पहिला कन्झ्युमर वस्तू काढतो, पण त्याचा नोटिफाय प्रोड्यूसरऐवजी दुसऱ्या कन्झ्युमरला लागतो. मग पहिला झोपतो, दुसराही झोपतो, आणि उठवायला कोणी उरत नाही.

क्षमता २ केलीत की याच तीन थ्रेडना डेडलॉक होत नाही. एकूण थ्रेड क्षमतेच्या दुपटीहून जास्त झाले तरच तो शक्य होतो; क्षमता १० असेल तर किमान २१ थ्रेड हवेत. चार-पाच थ्रेडच्या युनिट टेस्टमध्ये हा दोष सापडणारच नाही. म्हणून मॉडेलमध्ये क्षमता मुद्दाम लहान ठेवा.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. नोटिफायऐवजी नोटिफायऑल वापरा, म्हणजे मॉडेलमध्ये वेट सेट पूर्ण रिकामा करा; काही थ्रेड फुकट उठतील, पण डेडलॉक जाईल. किंवा जावाचा रीएंट्रंटलॉक हा लॉक घेऊन दोन कंडिशन (प्रत्येकीला वेगळा वेट सेट) ठेवा, एक ‘जागा झाली’साठी आणि एक ‘वस्तू आली’साठी, मग एकालाच सिग्नल पुरतो. जावाचा स्वतःचा ॲरेब्लॉकिंगक्यू हा तयार बफर असाच बांधला आहे. दोन्ही बदल मॉडेलमध्ये करून टीएलसी पुन्हा चालवा. एखादा थ्रेड उपाशी राहतो का, हा प्रश्न वेगळा; त्यासाठी फेअरनेसच्या, म्हणजे प्रत्येकाला कधी ना कधी संधी मिळेल अशा, अटी लिहाव्या लागतात.

कोड लिहिताना मॉडेलचे एक पाऊल म्हणजे लॉकखालचा एक अखंड तुकडा. फील्ड सगळी प्रायव्हेट हवीत. लॉक हातात असताना दुसऱ्या ऑब्जेक्टची मेथड कॉल करू नका. तिच्या आत वेट असेल तर तो त्या ऑब्जेक्टचेच लॉक सोडतो, तुमचे धरलेलेच राहते, आणि जागे करणाऱ्याला आत येताच येत नाही.

इनहेरिटन्सने, म्हणजे क्लासवरून सबक्लास बनवल्याने, मात्र तपासलेला क्लासही बिघडतो. मात्सुओका आणि योनेझावा यांनी १९९३ मध्ये मांडलेले उदाहरण घ्या: ‘पुटच्या लगेच नंतर चालणार नाही’ अशी काढण्याची नवी मेथड सबक्लासमध्ये जोडायची आहे. शेवटी काय घडले हे लक्षात ठेवायला पुट आणि टेक दोन्ही ओव्हरराइड करावे लागतात. त्याहून वाईट म्हणजे दोन कंडिशनवाली दुरुस्ती इथे मोडते. क्षमता १ असताना ‘वस्तू आली’ या कंडिशनवर साधा टेक आणि नवी मेथड दोघे झोपलेले असतील आणि पुटचा एकमेव सिग्नल नव्या मेथडला गेला, तर ती अट बघून पुन्हा झोपते. टेकला कोणी उठवत नाही, आणि पुढचा पुट जागेची वाट पाहत बसतो. एका कंडिशनवर थांबलेले सगळे थ्रेड एकाच अटीची वाट पाहत असतील तरच एकाला सिग्नल देणे सुरक्षित असते. सबक्लास येणार असतील तर पालक क्लासमध्ये सिग्नलऑल ठेवा आणि ‘शेवटची क्रिया’ हे तिसरे व्हेरिएबल घालून मॉडेल पुन्हा तपासा. येणार नसतील तर क्लास फायनल करा आणि नवी वागणूक बफर आत ठेवणाऱ्या वेगळ्या क्लासमध्ये, त्याच्या स्वतःच्या मॉडेलसह लिहा.