कोपऱ्यात पडलेल्या कामिनीला कोणती बोन्साय शैली?

साताऱ्यात नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यात पांढऱ्या सुवासिक फुलांच्या झुडपाची, म्हणजे कामिनीची, अशी एखादी पिशवी हमखास सापडते. पिशवी फाटलेली, मुळं जमिनीत घुसलेली, झाड एका अंगाला झुकलेलं. बोन्सायसाठी मला अशीच कामिनी आवडते. जाड खोड आयतं मिळतं, आणि घासाघीस केली तर भावही उतरतो.

शैली मात्र घरून ठरवून जाऊ नका. आधी वरची दोन इंच माती बोटांनी उकरा. पिशवीत बुंधा बहुतेक वेळा पुरलेला असतो. मुळं जिथून फाकतात, तिथून झाड खरं सुरू होतं. मग पिशवी डोळ्यांच्या उंचीला धरून सावकाश फिरवा, जरा तिरकी करून बघा. खोडाला वळणं असतील तर 'मोयोगी', म्हणजे वळणदार उभी शैली. सरळ पण कललेलं असेल तर 'शाकान'. बुंध्यातूनच तीन-चार खोडं फुटली असतील तर एक ठेवून बाकीची उडवायचा मोह आवरा, 'काबुदाची' ही झुबक्याची शैली तिथे तयारच असते. सगळ्या फांद्या एकाच बाजूला गेल्या असतील तर 'फुकिनागाशी'. सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, वाऱ्याने रेटलेली झुडपं पाहिलीत ना, तशी. काटेकोर सरळ 'चोक्कान'च्या नादी अशा झाडाला लावू नका.

छाटणी आणि मुळांची कापाकापी एकाच दिवशी नको. मी एकदा एप्रिलच्या उन्हात दोन्ही उरकलं, आठवड्यात पानगळ! आता पाऊस लागला की फक्त फांद्या छाटतो, मुळांना हात पुढच्या जूनमध्ये.